झारेकऱ्याला न सापडणारी चांदी

आमच्या भोसरीच्या शेडमध्ये कोपऱ्यात एक पत्र्याचा डबा आहे, त्याला कुलूप आहे आणि किल्ली फक्त माझ्याकडे आणि सुपरवायझरकडे. बाहेरचा कोणी आला की त्याला वाटतं आत कॅश असेल, पण आत असतो कचरा. आम्ही स्विचगिअरवाल्यांना, म्हणजे विजेचे स्विच-ब्रेकर बनवणाऱ्यांना, काँटॅक्ट असेंब्ली करून देतो, म्हणजे तांब्याच्या किंवा पितळेच्या पट्टीवर चांदीची छोटीशी टिप ब्रेझिंग करून बसवायची. त्यातल्या रिजेक्ट टिपा, ब्रेझिंगच्या तारेचे तुकडे, ग्राइंडरखाली साचलेली भुकटी असं सगळं त्या डब्यात जातं आणि रोज संध्याकाळी त्याचं वजन होतं, वहीत लिहिलं जातं. वजन दोन ग्रॅमने कमी आलं तरी मी विचारतो. पोरं हसतात मला, पण महिन्याच्या शेवटी तो डबा गाळायला गेला की त्याचे जे पैसे येतात त्यावर आमचा नफा का तोटा ते ठरतं.

तुमच्या घरात पंख्याचं बटण दाबलं की 'टक' आवाज येतो ना, तिथे आत चांदीचा एक कण असतो. सगळ्या धातूंमध्ये वीज सगळ्यात चांगली वाहून नेते ती चांदी, तांबं दुसरं. शिवाय तांब्यावर जो काळा थर चढतो तो विजेला आडवा येतो, चांदीचा तेवढा येत नाही. निव्वळ चांदी ठिणगीने एकमेकांना चिकटते म्हणून मोठ्या काँटॅक्टरच्या टिपेत टिन ऑक्साइड मिसळतात, पूर्वी कॅडमियम ऑक्साइड मिसळायचे पण कॅडमियम विषारी म्हणून ते मागे पडत चाललंय. असो, धंद्याची भाषा फार झाली.

सांगायचं हे की २०२५ च्या दिवाळीत चांदी किलोला दीड लाखाच्या वर गेली, १९८० साली अमेरिकेतल्या हंट बंधूंनी साठेबाजी करून औंसाला जी पन्नास डॉलरची हद्द गाठून दाखवली होती ती पंचेचाळीस वर्षांनी तुटली, आणि तेव्हापासून माझा फोन थांबत नाहीये. साडू, मेहुणे, शाळेतले मित्र, सगळ्यांचा एकच प्रश्न, 'तू चांदीतला माणूस, सांग ना, घेऊ का थांबू?' अरे बाबा मी चांदीतला नाही, टिपेतला माणूस आहे. भाव वाढला की मला घाम फुटतो कारण गिऱ्हाइकाचा रेट सहा महिन्यांचा बांधलेला आणि टिपवाला म्हणतो आजचा भाव आज. पण मला जास्त खटकतं ते हे की भावावर सगळे बोलतात, पण ही एवढी चांदी जाते कुठे आणि गेलेली परत येते का हे कोणी विचारत नाही. माझ्या मते चांदीचा खरा सार्वजनिक प्रश्न तोच आहे.

पुण्यात सोन्या मारुती चौकातून रविवार पेठेत शिरलात आणि सकाळी लवकर गेलात तर सराफांच्या दुकानांपुढे, कारागिरांच्या जिन्याखाली ब्रश आणि सुपली घेऊन धूळ गोळा करणारे लोक दिसतात. झारेकरी म्हणतात त्यांना. ती धूळ नेऊन ते धुतात, गाळतात आणि त्यातून सोन्याचांदीचे कण काढून पोट भरतात. कारागिराच्या हात धुवायच्या पाण्याचाही सौदा होतो. आपल्याकडे ही व्यवस्था पिढ्यान्पिढ्या चालू आहे आणि कुठल्याही सरकारी परिपत्रकाशिवाय चालू आहे, कारण धातू एका जागी, ओळखीच्या लोकांच्या हातात असतो. झारेकऱ्याला माहीत असतं कुठल्या जिन्याखाली काय सांडतं. चांदी जोवर अशी फिरते तोवर ती संपत नाही, आजीच्या तोरड्या वितळून नातीचे वाळे होतात आणि मध्ये फक्त घट जाते.

मामाचा सदाशिव पेठेत फोटो स्टुडिओ होता. लहानपणी सुट्टीत मी तिथे पडलेला असायचो आणि मला आठवतं, वापरलेला हायपो, म्हणजे फोटो धुवायचं रसायन, तो मोरीत ओतायचा नाही, कॅनमध्ये भरून ठेवायचा आणि दर महिन्याला एक माणूस सायकलवर येऊन तो कॅन घेऊन जायचा. फिल्मवरची, कागदावरची जी चांदी फोटो बनायला लागली नाही ती सगळी त्या पाण्यात उतरलेली असायची. हॉस्पिटलांचंही तेच, जुन्या एक्सरे फिल्म किलोवर विकत घेणारे लोक यायचे. फोटोग्राफीला एके काळी जगात वर्षाला हजारो टन चांदी लागायची, डिजिटल आल्यावर ती मागणी कोसळली आणि तेव्हा बऱ्याच जाणत्यांना वाटलं की झालं, चांदीचे दिवस संपले. मामालाही वाटलं. पण मला आज त्या हायपोच्या कॅनचं कौतुक वाटतं. एवढा विखुरलेला वापर, गल्लोगल्ली स्टुडिओ, तरी चांदी परत यायची कारण ती पाण्यात उतरायची आणि ते पाणी घेऊन जाणारा माणूस होता.

आणि हे फक्त गरिबाच्या जुगाडाचं उदाहरण नाही बरं का. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत अणुबॉम्बसाठी युरेनियम वेगळं करायचं होतं, ओक रिजला प्रचंड विद्युतचुंबक बनवायचे होते आणि तांबं सगळं दारूगोळ्यात गेलेलं. मग त्यांनी सरकारी खजिन्यातून सुमारे १३,३०० टन चांदी उसनी घेतली आणि तिच्या पट्ट्या चुंबकांना गुंडाळल्या. उसनी, म्हणजे परत करायच्या बोलीवर. काम झाल्यावर मशिनं सोडवली, खालच्या लाकडी फळ्या उखडून जाळल्या आणि राखेतून कण काढले, शेवटचा हप्ता १९७० मध्ये परत गेला आणि एकूण घट भरली हजारात एक भागाहूनही कमी. थोडक्यात अमेरिकन सैन्याने तिथे झारेकऱ्याचं काम केलं. मला हे वाचून इतका आनंद झाला होता की मी ते आमच्या सुपरवायझरला जेवणाच्या सुट्टीत सांगितलं, तो म्हणाला 'साहेब, आपण काय कमी आहे का'.

आता आजची गोष्ट. जगात चांदीची निम्म्याहून जास्त मागणी आता उद्योगांची आहे, दागिने आणि भांडी मागे पडली. त्यात सगळ्यात भराभर वाढलं ते सोलर. सोलर सेलवर ज्या बारीक करड्या रेघा दिसतात त्या चांदीच्या पेस्टच्या असतात, स्क्रीन प्रिंटिंगसारख्या छापतात आणि भट्टीत भाजतात. आपल्या पाषाणला सी-मेट म्हणून केंद्र सरकारची संस्था आहे, इलेक्ट्रॉनिक्सला लागणाऱ्या अशा पेस्टवर तिथे वर्षानुवर्षं काम चालतं, पुणेकरांना ती संस्था फारशी माहीत नाही. आजच्या पॅनेलला वॅटमागे साधारण दहा मिलिग्रॅम चांदी धरा. म्हणजे घरावर तीन किलोवॅट बसवले तर तीस ग्रॅम, एखाद्या छोट्या मुलीच्या पैंजणांएवढी. ऐकायला काहीच नाही. पण सरकारने २०२४ मध्ये सूर्यघर योजना काढली तिचं लक्ष्य एक कोटी घरं आहे, आता गुणाकार करा, तीनशे टन. आपल्या देशात खाणीतून चांदी काढणारी मुख्य कंपनी एकच, हिंदुस्तान झिंक, तिचं वर्षाचं उत्पादन सातशे टनांच्या आसपास. बाकी बहुतेक आयात, २०२४ मध्ये तर सात हजार टनांच्या वर आयात झाली.

मी सोलरच्या विरोधात नाही, आमच्या शेडवरच पॅनेल आहेत. माझा मुद्दा पंचवीस वर्षांनंतरचा आहे. पॅनेल म्हणजे काच, मग चिकट प्लास्टिकचा थर, मध्ये सेल, परत प्लास्टिक, असं सँडविच भट्टीत दाबून चिकटवलेलं असतं. पाऊस आत जाऊ नये म्हणून ते इतकं घट्ट करतात, आणि तेच उलगडताना नाकी नऊ आणतं. वीस-बावीस किलोच्या पॅनेलमध्ये पाच-सहा ग्रॅम चांदी. भंगारवाला काय करतो, ॲल्युमिनियमची फ्रेम काढतो, तांब्याची वायर आणि मागची डबी काढतो आणि उरलेलं फोडून टाकतो. फारच हुशार असला तर मागे कुठेतरी शेडमध्ये नायट्रिक ॲसिडच्या बादलीत बुडवतो आणि तो पिवळा-तपकिरी धूर तिथल्या पोरांच्या छातीत जातो. त्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याच्यासाठी दुसरी सोयच केलेली नाही.

यात एक गंमत आहे जी फार लोकांच्या लक्षात येत नाही. सोलरवाले चांदी महाग म्हणून ती कमी कमी करत चाललेत, पंधरा वर्षांपूर्वीच्या सेलमध्ये आजच्या तीन-चार पट चांदी असायची. काही जण तांब्याकडे वळतायत, जरी तांबं सिलिकॉनमध्ये झिरपून सेल खराब करतं म्हणून ते तितकं सोपं नाही. म्हणजे होणार काय, आता सगळ्यात आधी जे पॅनेल भंगारात निघतील ते २०१० च्या सोलर मिशनच्या आगेमागे बसवलेले, चांदीने सगळ्यात श्रीमंत, आणि नेमकी आपली तयारी आत्ताच शून्य. जशी तयारी होईल तसे येणारे पॅनेल गरीब होत जातील आणि मग कोणीतरी कोट घालून सांगेल की रिसायकलिंग परवडत नाही.

इथे बाजारावर भरवसा असलेले लोक म्हणतात, भाव वाढला की आपोआप सगळं परत येतं. आमचे एक सीए मित्र आहेत ते दर वेळी हेच ऐकवतात. पैंजणांच्या बाबतीत बरोबर आहे त्यांचं, दिवाळीनंतर लक्ष्मी रोडला मोडीची रांग मी बघितलीय. पण खाणीचं तसं नाही. जगातली सत्तर टक्क्यांच्या वर चांदी ही शिसं, जस्त, तांबं, सोनं काढताना सोबत मिळते, हिंदुस्तान झिंकच्या नावातच बघा ना काय आहे. चांदी दुप्पट महाग झाली म्हणून कोणी दुप्पट जस्त खणत नाही. आणि पॅनेलमधले सहा ग्रॅम भाव तिप्पट झाला तरी स्वतःहून चालत रविवार पेठेत येणार नाहीत, त्याला कोणीतरी गोळा करायला, उलगडायला लागतं आणि ती सक्ती कायद्याने करावी लागते. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सोलर पॅनेल घेतलेत हे चांगलं झालं, पण आत्तापर्यंत त्यांचा भर पॅनेल नीट साठवून ठेवण्यावर आहे, त्यातून किती धातू परत काढला यावर नाही. साठवणं म्हणजे आपल्याकडे काय ते तुम्हाला माहिती आहे, कुठल्याही सरकारी ऑफिसच्या मागच्या अंगणात बघा.

औषधाचं मात्र मी वेगळ्या पारड्यात घालतो. तिथे चांदी लागते अगदी थोडी, भावावर तिचा काही परिणाम होत नाही, पण काम मोठं. १८८० च्या सुमाराला जर्मनीत लाइपझिगला क्रेडे नावाच्या डॉक्टरने जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब घालायला सुरुवात केली, त्याआधी त्याच्या हॉस्पिटलात शंभरातल्या दहा-एक बाळांचे डोळे आईकडून आलेल्या गोनोरियाने येत आणि कित्येक आंधळी होत, ते प्रमाण जवळजवळ नाहीसं झालं. पुढे अँटिबायोटिक्स आली आणि तो थेंब मागे पडला. १९६८ मध्ये सिल्व्हर सल्फाडायझिन आलं, ती पांढरी क्रीम, भाजलं की आपल्या प्रत्येक घरात जी फासतात ती. गंमत म्हणजे आता अभ्यास सांगतात की नव्या ड्रेसिंगच्या तुलनेत त्या क्रीमने जखम उलट हळू भरते, तरी दिवाळीत अनारने हात भाजला की आम्ही आधी तीच शोधतो. चांदीचा आयन जिवाणूच्या आवरणाला आणि एन्झाइमना धरतो आणि त्याचा कारभार बंद पाडतो, पण म्हणून ती अमृत नाही. १९७५ मध्येच बोस्टनच्या एका हॉस्पिटलात भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात सिल्व्हर नायट्रेटला दाद न देणारा साल्मोनेला जिवाणू सापडला होता. अँटिबायोटिक्ससारखंच आहे हे, उठसूट वापरलं की धार जाते.

मला सगळ्यात आवडलेला वापर दातांचा आहे. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड, एक थेंब किडलेल्या दाताला लावायचा, ड्रिल नाही, इंजेक्शन नाही, मूल रडत नाही, कीड बहुतेक वेळा तिथेच थांबते. फक्त तो भाग काळा पडतो. २०२१ मध्ये डब्ल्यूएचओने आवश्यक औषधांच्या यादीत ते घातलं. जुन्नर-वेल्ह्याच्या आदिवासी पाड्यांत जिथे डेंटिस्टची खुर्ची पोचत नाही तिथल्या शाळांसाठी याहून स्वस्त काही असेल असं मला वाटत नाही. काळ्या दाताचं काय एवढं, दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत.

आणि पुण्याने या बाबतीत काय केलंय ते आपण मिरवत नाही. एनसीएलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, मुरली शास्त्रींच्या गटाने २००० नंतरच्या चार-पाच वर्षांत बुरशीकडून आणि कडुनिंबाच्या पाल्याच्या काढ्यातून चांदीचे नॅनो, म्हणजे अतिसूक्ष्म, कण बनवून दाखवले. आघारकर संस्थेत नॅनो चांदीच्या जखमेवरच्या जेलवर काम झालं. २००९ मध्ये बाजारात आलेल्या टाटा स्वच्छ फिल्टरचं, भाताच्या तुसाची राख आणि नॅनो चांदी, मूळ काम हडपसरच्या टीआरडीडीसी या टाटांच्या संशोधन केंद्रात झालं. ही सगळी हुशारी मला मान्य आहे, अभिमान आहे.

पण मग त्याच नॅनो चांदीचे मोजे, बनियन, चटई, वॉशिंग मशीन, कंगवे आले. २००८ मध्ये ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी असे मोजे विकत आणून नुसत्या पाण्यात धुऊन बघितले, काहींमधली जवळपास सगळी चांदी चार धुण्यांत निघून गेली. कुठे गेली? मोरीत. आपल्याकडे मोरीतून मुळा-मुठेत. खरं सांगायचं तर सांडपाण्यात तिचं बहुतेक सल्फाइड होतं आणि तसं ते फार त्रास देत नाही, त्यामुळे मी नदी मेली वगैरे आरोळी ठोकणार नाही, त्या नदीला मारायला आपण दुसरं पुष्कळ सोडतो. पण ती चांदी मात्र गेली, कायमची. कुठलाही झारेकरी नदीच्या गाळातून ती काढू शकत नाही. पायाला वास येतो म्हणून! अरे मोजे धुवा ना.

त्याहून वाईट म्हणजे पिण्याचं चांदीचं पाणी, कोलॉइडल सिल्व्हर. करोनात व्हॉट्सॲपवर ते फिरत होतं आणि अजून अधूनमधून येतं. अमेरिकेच्या एफडीएने १९९९ मध्येच सांगितलंय की त्याचा कशावरही उपयोग सिद्ध नाही. रोज पीत राहिलं तर चांदी कातडीत साचते आणि माणूस निळा-करडा होतो, आणि ते परत जात नाही. यावर लगेच कोणीतरी म्हणेल की आमच्या आजीने आम्हाला चांदीच्या बोंडल्याने दूध पाजलं. पाजलं की, मलाही पाजलंय, पण बोंडल्यातून चांदी पोटात किती जाते आणि बाटलीभर चांदीच्या पाण्यातून किती, यात फरक आहे. आणि बोंडलं परत कपाटात जातं, तिसऱ्या पिढीला निघतं.

आता कपाटाकडे येतो, कारण बायकोने हे वाचलं की पहिला प्रश्न तोच विचारणार आहे, मग आमचे पैंजण विकायचे का कारखान्यासाठी? नाही. ज्या बाईचं बँकेत खातं नव्हतं तिच्यासाठी जोडवी आणि तोरड्या हीच बँक होती, तिला देशभक्तीचं लेक्चर द्यायचा मला अधिकार नाही. माझी तक्रार उलटी आहे, तिला तिच्या चांदीचे धड पैसे मिळत नाहीत. कोल्हापूरजवळच्या हुपरीच्या कारागिराची कला अप्रतिम, पण बाजारातल्या पैंजणाचा टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, किती हे घेताना कोणी सांगत नाही आणि मोडताना मात्र सराफ कसोटीवर घासून साठ म्हणतो, पासष्ट म्हणतो. आईच्या पैंजणांचं आमचं असंच झालं, बिलावर नुसतं 'चांदी' लिहिलेलं, वजन दोनशे ग्रॅम, हातात आले एकशे वीसचे पैसे. सोन्याला हॉलमार्क २०२१ पासून सक्तीचा, चांदीला १ सप्टेंबर २०२५ पासून ओळख क्रमांक आला पण ऐच्छिक. ऐच्छिक म्हणजे ज्याला फसवायचंय त्याची इच्छा. टंच छापील असला तर लोक न घाबरता जुनी चांदी बाहेर काढतील, आणि तीच बाहेर पडली तर आयात थोडी तरी कमी होईल.

आणि शेवटी दिल्ली. केंद्राने २०२३ मध्ये महत्त्वाच्या खनिजांची तीस नावांची यादी काढली, लिथियम आहे, कोबाल्ट आहे, तांबं आहे, कथील आहे, पोटॅशसुद्धा आहे. चांदी नाही. अमेरिकेने २०२५ मध्ये त्यांच्या यादीत चांदी घातली. आपल्या सरकारी डोक्यात अजून चांदी म्हणजे दागिना, म्हणजे चैन, म्हणजे आयात शुल्काचं बटण, जुलै २०२४ मध्ये पंधरा टक्क्यांचं सहा केलं, उद्या परत वाढवतील. यादीत नाव आलं म्हणून जादू होणार नाही हे मला कळतं, पण रिसायकलिंगला जे पैसे सरकार आता द्यायला लागलंय ते यादीतल्या धातूंसाठी आहेत, आणि यादीत नाव नसलेल्या धातूसाठी प्लांट टाकायला कोण पुढे येणार.

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या सभेत सोलरचा विषय होता. व्हेंडर लॅपटॉप घेऊन आलेला, किती युनिट, किती वर्षांत पैसे वसूल, सबसिडी किती, सगळं छान सांगितलं. मी विचारलं पंचवीस वर्षांनी हे काढून कोण नेणार. तो हसला, म्हणाला 'काका, तेव्हाचं तेव्हा, भंगारवाला नेईल की.' मी म्हटलं कोटेशनमध्ये एक ओळ घाला, पॅनेल परत नेऊन अधिकृत रिसायकलरला द्यायची जबाबदारी तुमची किंवा कंपनीची. मागून आवाज आला, पंचवीस वर्षांनी आपण असू का. सेक्रेटरींनी माझं म्हणणं मिनिट्समध्ये लिहिलंय, 'इतर विषय' या सदराखाली, पाण्याच्या टाकीच्या झाकणानंतर. पुढची सभा गणपतीनंतर आहे.